सेंटिनेल-१ वरून बर्फाचा नकाशा: ऐन हिवाळ्यात कोरा, वितळताना सकाळ-संध्याकाळचा मेळ नाही

तिरपी_नजर

डोंगराळ भागातलं हिमाच्छादन ढगांची पर्वा न करता दर पंधरवड्याला मोजायचं आहे, म्हणून सेंटिनेल-१ हा युरोपीय रडार उपग्रह घेतला. काम गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रह प्रतिमांवर ऑनलाइन प्रक्रिया करणारी सेवा). आत्ताची पद्धत:

– जीआरडी संग्रह (संकेताची फक्त तीव्रता असलेल्या प्रतिमा), आयडब्ल्यू मोड (जमिनीवरचं नेहमीचं रुंद-पट्टा चित्रण), फक्त व्हीव्ही (उभ्या ध्रुवणात पाठवलेला आणि उभ्यातच टिपलेला संकेत)
– वर्षभराच्या सगळ्या प्रतिमांची सरासरी हा संदर्भ
– हव्या त्या दिवसाच्या प्रतिमेतून संदर्भ वजा. −३ डीबीच्या (डेसिबल, संकेताच्या ताकदीचं लॉग एकक; −३ म्हणजे निम्मा) खाली गेला तो पिक्सेल 'बर्फ'
– 'अँगल' पट्टी (रडार किती तिरपं बघतंय तो कोन) वापरून २० ते ५५ अंशांबाहेरचं सगळं गाळलं

होतंय असं: ऐन हिवाळ्यात सेंटिनेल-२ च्या (सूर्यप्रकाशात टिपणारा उपग्रह) निरभ्र प्रतिमेत सगळं पांढरंशुभ्र आणि माझा नकाशा जवळपास रिकामा. वितळायला लागल्यावर नकाशा भरतो, पण सकाळच्या फेरीत बर्फ गायब आणि दोन दिवसांनी संध्याकाळच्या फेरीत परत हजर. पश्चिमेकडे तोंड असलेल्या काही उतारांवर बारमाही काहीतरी भलतंच दिसतं. तळं कायम 'बर्फ'. शिवाय नकाशाभर मीठ-मिरी सांडल्यासारखे ठिपके. उंबरठा −२ केला की ठिपके वाढतात, −४ केला की बर्फच उडून जातो.

नेमकं कुठे चुकतंय? आणि यातूनच पुढे बर्फातलं पाणी किती मिलिमीटर आहे ते काढता येईल का?

---

डेसिबल_वाचक

पहिल्या अडचणीत चूक तुमच्या कोडची नाही, अपेक्षेची आहे. सी-बँडला (सेंटिनेल-१ च्या रडारचा तरंगपट्टा) कोरडा बर्फ दिसतच नाही. (कोरडा म्हणजे इथे पाण्याचा थेंबही नसलेला, कार्बन डायऑक्साइडचा नव्हे.) सेंटिनेल-१ ची वारंवारता ५.४०५ गिगाहर्ट्झ, तरंगलांबी साधारण ५.५ सेंटीमीटर. बर्फाचे कण अर्धा-एक मिलिमीटरचे. इतक्या बारीक कणांची या तरंगाला फारशी दखलच घ्यावी लागत नाही. कोरड्या बर्फात तो दहा-वीस मीटर आत जाऊ शकतो, म्हणजे दीड-दोन मीटरचा थर त्याच्या लेखी काचेसारखा. परत येणारा संकेत खालच्या जमिनीचा असतो आणि तो बर्फ पडण्याआधीही जवळपास तेवढाच होता. मग वजाबाकी शून्याच्या आसपासच येणार.

वितळायला लागलं की चित्र पालटतं. गोठलेल्या पाण्याचा परावैद्युतांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो तो आकडा) साधारण ३.२, तर द्रव पाण्याचा याच वारंवारतेला आणि शून्य अंशाला ६० च्या पुढे, वर शोषणही जबरदस्त. घनफळाच्या तीन-चार टक्के पाणी मुरलं की तरंग वरच्या काही सेंटीमीटरांतच जिरून जातो. खालची जमीन झाकली जाते, वरचा गुळगुळीत ओला पृष्ठभाग उरलेली ऊर्जा पलीकडे फेकतो, आणि संकेत ३ ते ८ डीबीने कोसळतो. तुमचा −३ चा उंबरठा हेच पकडतो. म्हणून नकाशाचं नाव बदला: हा 'ओल्या बर्फाचा' नकाशा आहे, हिमाच्छादनाचा नाही.

सकाळ-संध्याकाळचं कोडंही यातच सुटतं. सेंटिनेल-१ ची कक्षा पहाट-सांजेची आहे. उतरती फेरी सकाळी सहाच्या आणि चढती संध्याकाळी सहाच्या आसपास (स्थानिक सौर वेळ, विषुववृत्तावर). रात्री वरचा पापुद्रा पुन्हा गोठला की सकाळी तो कोरड्यासारखा वागतो. उलट, वितळून-गोठून कण मोठे झालेले असल्याने कधीकधी संकेत हिवाळ्यापेक्षाही वर चढतो. तेव्हा दोन्ही नकाशे बरोबर आहेत. बर्फ वितळायला लागला का, हे बघायचं असेल तर संध्याकाळची फेरी धरा. रात्री पुन्हा गोठतंय का, हा प्रश्न असेल तर दोन्हींतली तफावत हाच तुमचा विदा.

आता संदर्भ प्रतिमा. वर्षभराची सरासरी हा सगळ्यात महागात पडणारा भाग. त्यात वितळण्याचे महिनेही आले, म्हणजे संदर्भच खाली ओढला गेला. शिवाय वेगवेगळ्या कक्षा एकत्र केल्या असणार. एकाच उताराकडे एक कक्षा ३२ अंशांतून बघते, दुसरी ४३ मधून, आणि नुसत्या कोनाच्या फरकाने दोन-तीन डीबी इकडेतिकडे होतात. तुमच्या उंबरठ्याएवढीच चूक आधीच आत शिरली की!

करायचं असं: प्रत्येक सापेक्ष कक्षा क्रमांकाचा (तीच ती वाट ओळखायचा क्रमांक) स्वतंत्र संदर्भ बनवा. त्यात भर हिवाळ्यातल्या, तापमान दिवसभर शून्याखाली असलेल्या ५ ते ८ प्रतिमा घ्या. सरासरी डीबीत काढू नका. आधी रेषीय (लॉग न घेतलेल्या) एककात न्या, सरासरी काढा, मग परत डीबी. अर्थ इंजिनचा नेहमीचा संग्रह डीबीतच येतो, त्याचं 'फ्लोट' नावाचं रेषीय भावंड आहे, ते वापरा. एका ठिकाणी डीबीतली सरासरी आणि दुसऱ्या ठिकाणी रेषीय असं झालं तर मूळ पिक्सेलच्या पातळीवर नुसत्या गणिताने अर्धा डीबी चुकतो.

---

उतारावरचा_दगड

वरच्याशी सहमत, पण एक दुरुस्ती. 'भर हिवाळ्यातला संदर्भ' उंचावर चालतो, खाली दगा देतो. जाड बर्फाखालची माती बऱ्याचदा गोठत नाही, बर्फाची गोधडीच असते तिच्यावर. पण पातळ, तुटक बर्फाखालची माती गोठते, आणि गोठलेल्या मातीचा संकेतही ३ डीबी किंवा त्याहून जास्त पडतो. संदर्भच पडलेला असेल तर पुढे खरा ओला बर्फ आला तरी फरक दिसत नाही. उलट बाजूने, संदर्भ शरद ऋतूतल्या ओलसर मातीचा घेतला तर हिवाळ्यातली नुसती गोठलेली मोकळी जमीन 'ओला बर्फ' म्हणून निघते. खालच्या पट्ट्यासाठी बर्फ नसलेल्या पण कोरड्या दिवसांचा संदर्भ आणि वरच्या पट्ट्यासाठी हिवाळी संदर्भ, असे दोन ठेवणं बरं.

आता पश्चिम उतार आणि तुमची 'अँगल' गाळणी. ती पट्टी लंबवर्तुळाकार पृथ्वीवरचा आपाती कोन (किरण आणि पृष्ठभागावरचा लंब यांतला) देते, डोंगराच्या उताराचा नाही. आयडब्ल्यू मोडमध्ये तो २९ ते ४६ अंशांच्या दरम्यानच असतो. म्हणजे तुमची २० ते ५५ ची गाळणी आजवर एकही पिक्सेल गाळत नव्हती. हवा असतो स्थानिक आपाती कोन, जो उंचीच्या प्रारूपावरून उतार आणि उताराची दिशा घेऊन काढावा लागतो. साधारण १७ अंशांखालचं आणि ७८ च्या वरचं टाकून द्या.

चढत्या फेरीत रडार पश्चिमेकडून पूर्वेला बघतं. त्यामुळे पश्चिमाभिमुख उतार त्याच्या अंगावर येतात आणि दबून जातात. उतार आपाती कोनाहून तीव्र असेल तर माथा पायथ्याच्या आधी नोंदला जातो आणि दोन्ही एकमेकांवर पडतात. अशा पिक्सेलात बर्फ, खडक, दरी सगळ्याचा काला असतो; त्याला कुठलाही उंबरठा लावा, उत्तर निरर्थक. पाठीमागचा उतार (९० − आपाती कोन) याहून तीव्र असेल तर तिथे सावली, म्हणजे निव्वळ उपकरणाचा गोंगाट. उतरत्या फेरीत हेच पूर्वाभिमुख उतारांचं होतं. दोन्ही फेऱ्यांचे मुखवटे (टाकून द्यायचे पिक्सेल दाखवणारे थर) वेगळे काढा, नकाशे वेगळे काढा, आणि शेवटीच जोडा. सकाळ-संध्याकाळचा घोळ असल्याने जोडताना कुठला पिक्सेल कुठल्या फेरीतून आला ते एका पट्टीत लिहून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

तळ्याला उपाय एकच, पाण्याचा मुखवटा. शांत पाणी आणि ओला बर्फ दोन्ही काळे.

स्नॅपमध्ये (युरोपीय अंतराळ संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर) स्वतः प्रक्रिया करणार असाल तर क्रम: कक्षा फाइल, औष्णिक गोंगाट काढणे, कडेचा गोंगाट काढणे, कॅलिब्रेशन, मल्टिलुक (शेजारच्या पिक्सेलची सरासरी), स्पेकल (रडार प्रतिमेतले ठिपके) गाळणी, मग रेंज-डॉप्लर भूदुरुस्ती (प्रतिमा नकाशावर बसवणे), तिथेच स्थानिक कोनाची पट्टी मागून घ्या. अचूक कक्षा फाइल सुमारे २० दिवसांनी येते, घाईच्या कामाला तात्पुरती पुरते. उंचीचं प्रारूप ३० मीटरचं कोपर्निकस. संदर्भ आणि आजची प्रतिमा दोन्हींना तेच प्रारूप आणि तीच जाळी हवी. अर्धा पिक्सेल सरकला तरी कड्यांच्या रेषेवर खोटा 'बर्फ' उगवतो.

टेरेन फ्लॅटनिंगच्या (उतारामुळे येणारा उजेड-अंधार काढणारी दुरुस्ती) मागे मात्र लागू नका. त्याच कक्षेच्या दोन प्रतिमांचं गुणोत्तर घेतलं की उताराचा परिणाम दोन्हीकडे सारखाच असतो, आपोआप कटतो. वेगवेगळ्या कक्षा मिसळायच्या असतील तरच त्याचा उपयोग.

---

मीठमिरी

ठिपक्यांचं उत्तर कुणी दिलं नाही. जीआरडीचा पिक्सेल १० मीटरचा दिसतो, पण खरी विभेदनक्षमता साधारण २० बाय २२ मीटर आणि परिणामी लुक्स (सरासरीत आलेली स्वतंत्र मापनं) जेमतेम ४.४. एवढ्यावर एका पिक्सेलचा स्पेकल २ डीबीच्या थोडा वर असतो. म्हणजे −३ चा उंबरठा तुम्ही असल्या आकड्यावर लावताय जो काही न घडताही दोन डीबी हलतो. −२ केल्यावर ठिपके वाढणारच.

रेषीय एककात १०० मीटरपर्यंत सरासरी घ्या. सुमारे १०० स्वतंत्र लुक्स होतात, गोंगाट अर्ध्या डीबीच्याही खाली येतो. ५० मीटरवर थांबलात तर ०.९ च्या आसपास, तेही चालेल. संदर्भ आठ प्रतिमांचा असल्याने त्याचा गोंगाट आणखी कमी, फारसा हिशोबात धरायला नको. १० मीटरचा नकाशा छान दिसतो म्हणून तो ठेवायचा मोह होतो. टाळा.

आणि फक्त व्हीव्ही का? उताराला कोन कमी असेल तेव्हा ओल्या बर्फाचा पृष्ठभाग व्हीव्हीत बऱ्यापैकी चमकतो आणि घट झाकतो. व्हीएचमध्ये (उभ्या ध्रुवणात पाठवून आडव्यात टिपलेला संकेत) ती घट स्वच्छ दिसते. दोन्हींची संदर्भाशी गुणोत्तरं काढून स्थानिक कोनानुसार वजन द्या. २० अंशांपर्यंत व्हीएचला पूर्ण १, ४५ च्या पुढे ०.५, मध्ये सरळ रेषेत उतरतं. म्हणजे ३० अंशांना व्हीएच ०.८ आणि व्हीव्ही ०.२. अशा एकत्रित गुणोत्तराला −२ डीबी उंबरठा चालतो; नुसत्या व्हीव्हीला −३ ठेवा.

एक सावधानता: आयडब्ल्यूची गोंगाटाची पातळी −२२ डीबी इतपत धरलेली असते (प्रत्यक्षात थोडी बरी निघते). ओल्या बर्फाचं व्हीएच तिथपर्यंत सहज पोचतं. त्याखाली संकेत आणखी पडला तरी तुम्हाला दिसणार नाही, आणि औष्णिक गोंगाट काढला नसेल तर उपपट्ट्यांच्या सांध्यावर उभ्या रेषा दिसतील. त्या रेषा दिसल्या की आधी तिथे बघा, उंबरठ्याशी खेळू नका.

---

हिमकाठी

पाण्याच्या मिलिमीटरबद्दल. ओला-कोरडा नकाशा आणि जलसमतुल्य (बर्फ वितळला तर किती मिलिमीटर पाणी) या दोन वेगळ्या वाटा आहेत. जीआरडीतून जलसमतुल्य थेट निघत नाही. व्हीएच भागिले व्हीव्ही गुणोत्तरावरून जाडी काढतात, पण ते खोल, कोरड्या बर्फापुरतं आणि अर्धा-एक किलोमीटरच्या जाळीवर. जंगलात आणि पातळ बर्फात त्यावर भिस्त ठेवू नये. मुळात कोरड्या बर्फाच्या कणांना जागं करायला केयू-बँड (सी-बँडहून आखूड तरंग) लागतो. एक्स आणि केयू अशा दोन पट्ट्यांच्या, खास बर्फासाठीच्या मोहिमेचा प्रस्ताव युरोपीय अंतराळ संस्थेपुढे होता, पण २०१३ मध्ये निवड जंगलांचं जैववस्तुमान मोजणाऱ्या मोहिमेची झाली.

दुसरी वाट प्रावस्थेची (तरंग त्याच्या चक्रात कुठे आहे ती जागा), म्हणजे एसएलसी विदा (प्रावस्था राखलेल्या प्रतिमा) आणि इंटरफेरोमेट्री (दोन प्रतिमांच्या प्रावस्थांची तुलना). कोरडा बर्फ तरंगाला किंचित मंद करतो. दोन फेऱ्यांमध्ये जेवढा बर्फ वाढला तेवढी प्रावस्था सरकते, आणि घनतेचा परिणाम फार थोडा. ४० अंश कोनाला प्रावस्थेचा एक पूर्ण फेरा म्हणजे ढोबळमानाने तरंगलांबीच्या निम्मं पाणी. सी-बँडला ते २८ मिलिमीटर. ताज्या भुसभुशीत बर्फाची घनता १०० किलो प्रति घनमीटर धरली तर एका रात्रीत २८ सेंटीमीटर पडला की फेरा संपला, आणि मध्ये किती फेरे गेले ते कोण सांगणार? २४ सेंटीमीटरच्या एल-बँडला तोच फेरा १२० मिलिमीटरचा. म्हणून ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार उपग्रहाकडे बर्फवाल्यांचं लक्ष आहे: नासाचा एल-बँड, इस्रोचा एस-बँड, आणि १२ दिवसांनी तीच फेरी. एस-बँडचा फेरा साधारण ४७ मिलिमीटर.

अट एकच आणि कडक: दोन्ही तारखांना बर्फ कोरडा हवा. ओला झाला की सुसंगती (दोन प्रतिमांच्या प्रावस्थांचा मेळ) संपली. शिवाय प्रावस्था सापेक्ष असते, तेव्हा बर्फ साफ ठेवलेला एखादा कोपरा-परावर्तक (संकेत थेट रडारकडे परत फेकणारा धातूचा कोपरा) किंवा मोकळा खडक शून्यासाठी धरावा लागतो.

उपग्रहाचा आकडा पडताळायला जमिनीवरचं रडार लागेलच. भूभेदी रडार, ५०० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झचा अँटेना, घसरगाडीवर. कोरड्या बर्फात वेग घनतेवर ठरतो: ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरमधल्या घनतेला ०.८४५ ने गुणा, १ मिळवा, तो अपवर्तनांक; ०.३ मीटर प्रति नॅनोसेकंदाला त्याने भागा. घनता ०.३ असेल तर वेग ०.२४, म्हणजे जाण्यायेण्याच्या १० नॅनोसेकंदाला १.२ मीटर जाडी.

लोक हेच उलटं वापरतात: काठीने जाडी मोजायची, रडारने वेळ, आणि त्यातून घनता. इथे पाय घसरतो. समजा वेळ १०.३ नॅनोसेकंद आणि काठी म्हणते १.२० मीटर. वेग ०.२३३, घनता ०.३४, पाणी सुमारे ४०७ मिलिमीटर. आता काठी खालच्या मऊ मातीत ५ सेंटीमीटर घुसली आणि तुम्ही १.२५ लिहिलंत. घनता थेट ०.२८ वर, पाणी ३४८. पाच सेंटीमीटरच्या चुकीने ५९ मिलिमीटर गेले! म्हणून घनता खड्डा खणून, नळकांड्याने वजन करून घ्या, आणि रडारला फक्त जाडी विचारा. घनतेत ०.१ ची चूक झाली तरी रडारची जाडी सहा-सात टक्केच हलते. घसरगाडी आणि बर्फ यांच्यातल्या हवेच्या फटीची वेळ वजा करायला विसरू नका. आणि दुपारी ओल्या बर्फावर हे सूत्र चालत नाही, पहाटे निघा.

---

तिरपी_नजर

सगळं केलं: कक्षेवार संदर्भ, रेषीय सरासरी, १०० मीटर, दोन्ही ध्रुवणं, स्थानिक कोन, पाण्याचा मुखवटा. ठिपके गेले, तळं गेलं, पश्चिम उतार आता प्रामाणिकपणे 'विदा नाही' दाखवतात. निव्वळ हिमाच्छादनासाठी सेंटिनेल-२ चा एनडीएसआय (हिरव्या आणि लघु-अवरक्त प्रकाशातल्या फरकावरून बर्फ ओळखणारा निर्देशांक; ०.४ च्या वर बर्फ) जोडला, ओल्या पट्ट्याच्या वर असलेले आणि शेवटच्या निरभ्र प्रतिमेत पांढरे असलेले पिक्सेल 'कोरडा बर्फ' धरतो.

एक गोष्ट उरली. हंगामाच्या शेवटी, संध्याकाळच्या फेरीतही, मोठमोठे हिमपट्टे रडारमध्ये नाहीसे होतात. ऑप्टिकलमध्ये मात्र आणखी दोन-तीन आठवडे स्पष्ट दिसतात. तिथे बर्फ तर चिंब असणार.

---

डेसिबल_वाचक

चिंब आहे, पण गुळगुळीत राहिलेला नाही आणि सलगही नाही.

उशिराच्या उन्हात पृष्ठभागावर वाट्या-वाट्या पडतात, वितळपाण्याच्या चऱ्या पडतात, वर धूळ-खडे साचतात. ५.५ सेंटीमीटरच्या तरंगाला एवढा खडबडीतपणा पुरेसा आहे. ओला असूनही पृष्ठभागच संकेत परत फेकायला लागतो. हंगामाच्या सुरुवातीला −७ असलेला पिक्सेल −३ वर, मग −१ वर येतो.

दुसरं कारण गणिताचं. तुमच्या १०० मीटरच्या चौकटीत निम्मा ओला बर्फ (−६ डीबी, म्हणजे ०.२५) आणि निम्मी मोकळी जमीन (० डीबी, म्हणजे १) असेल तर सरासरी ०.६२५, अर्थात −२.०. उंबरठ्यावर जेमतेम टेकला. −३ चा उंबरठा असता तर दोन-तृतीयांश चौकट बर्फाने भरलेली लागली असती. आणि ती मोकळी जमीन वितळपाण्याने चिंब होऊन २ डीबीने उजळली असेल, जे अगदी नेहमीचं आहे, तर सरासरी ०.९२, म्हणजे −०.४ डीबी. अर्धी चौकट बर्फ, आणि रडार म्हणतंय काहीच नाही.

उंबरठा ढिला करून हे सुटणार नाही, पावसाने भिजलेली शेतं आत येतील. एकदा ओला ठरलेला पिक्सेल रडारच्या सांगण्यावरून 'बर्फ नाही' करू नका. त्याला 'अनिश्चित' वर्गात टाका आणि पुढच्या निरभ्र सेंटिनेल-२ प्रतिमेनेच त्याचा निकाल लावा. रडारला वितळण्याची सुरुवात विचारा, शेवट विचारू नका.

---

उतारावरचा_दगड

'अनिश्चित' वर्गाला आणखी एक आधार देता येतो. त्या पिक्सेलच्या वेळमालेत तळ शोधा: संकेत सर्वांत खाली कधी गेला, ती तारीख. साधारण तिथूनच थरातून पाणी खाली वाहायला लागतं. त्यानंतरची चढ म्हणजे पृष्ठभाग खडबडीत होणं आणि जमीन उघडी पडणं. एका तारखेच्या उंबरठ्यापेक्षा अशी वेळमाला कमी फसवते. फक्त विदा नीट बघून घ्या: सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि १सी डिसेंबर २०२४ मध्ये सुटला. मधल्या हंगामांत जिथे ६ दिवसांनी फेरी होती तिथे ती १२ वर गेली, काही कक्षा तर सुटल्याच. १२ दिवसांच्या अंतरात तळाची तारीख सहा दिवस इकडेतिकडे होणारच, तेव्हा त्या वर्षांची तुलना आधीच्या वर्षांशी करताना आधीच्याही फेऱ्या एकाआड एक वगळून बघा.